पडद्यावर नाचतं, कागदावर मरतं: सायकेडेलिक पोस्टरचं जुनं दुखणं

‘दादा, पोस्टर मेलं.’

गणपती-नवरात्र उरकून गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांना जोर चढला की असा फोन येतोच. मुलगा वेगळा, बँड वेगळा, दुखणं तेच. लॅपटॉपवर पोस्टर झळकत असतं: वितळणारी अक्षरं, गुलाबी-हिरव्याची मारामारी, साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोची मनापासून केलेली नक्कल. मग प्रेसमधून प्रूफ येतं. हिरव्याचं शेवाळ झालेलं, गुलाबीचं बीट. पोस्टर रंगीत असतं, पण बघताना डोळ्याला जो झटका बसायला हवा, अक्षरांच्या कडा ज्या थरथरायला हव्यात, ते होत नाही.

मी पुण्यात छपाईपूर्व कामं करतो. आलेल्या फाइली तपासायच्या, दुरुस्त करायच्या, प्लेटला सोडायच्या. या एका तक्रारीवर इतक्या वेळा तेच ते बोललोय की आता लिहूनच काढतो. उदाहरणं अडोबीच्या इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर या प्रोग्रॅमची आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या फाइली त्यांतल्याच असतात. कोरलवाल्यांनी मेनूची नावं बदलून वाचावं, रोग एकच आहे.

आधी लोक काय काय करून बघतात

मागच्या वेळी आलेला मुलगा तीन उपाय करून आला होता. पहिला, सॅच्युरेशन शेवटपर्यंत ओढणं. पडद्यावर आणखी झगझगाट झाला, कागदावर तसूभर फरक नाही. आरजीबीतले, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातले, ते रंग छपाईच्या चार शायांच्या आवाक्याबाहेरच होते. या शाया म्हणजे सायन (आकाशी), मजेंटा (राणी गुलाबी), पिवळा आणि काळा; मिळून सीएमवायके. आवाक्याबाहेरची वस्तू आणखी लांब नेऊन ठेवली तर हाताला लागणार थोडीच.

दुसरा, मशीनमनला ‘शाई वाढवा’ म्हणून सांगणं. त्याने वाढवली. बारीक अक्षरांची पोटं भरली, गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाच्या पाठीवर खालच्याचे डाग उतरले आणि हिरवा होता त्याहून काळपट झाला.

तिसरा, ग्लॉस लॅमिनेशन. यात पैसे गेले.

तिन्ही उपायांमागे एकच समज आहे: पोस्टर थरथरतं ते रंग भडक असल्यामुळे. समजच चुकीची आहे, म्हणून उपाय लागू पडत नाहीत आणि पुढच्या पोस्टरला तोच फोन येतो.

थरथर नेमकी कशाची

थरथर यायची तर दोन रंग एकमेकांच्या विरुद्ध छटेचे असावेत, दोन्ही फिके न पडता पुरेसे भरलेले असावेत, आणि दोघांचा उजळपणा सारखा असावा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात. वस्तूची कड आपल्याला मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून कळते. तांबड्याशेजारी हिरवा आहे आणि दोघांचा उजळपणा तंतोतंत जुळलाय, तर रंग बदललाय हे डोळ्याला दिसतं, पण कड नेमकी कुठे आहे ते ठरवता येत नाही. नजर तिथं सारखी घसरते. ती घसरण म्हणजेच थरथर. सुझान लीबमान या जर्मन संशोधिकेने १९२७ मध्ये याच गोष्टीवर काम केलं होतं; सारख्या उजळपणाची आकृती आणि पार्श्वभूमी एकमेकांत विरघळते, या परिणामाला तिचंच नाव आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत ही युक्ती सगळ्यात जाणून वापरली ती व्हिक्टर मोस्कोसोने. फिलमोर आणि ॲव्हलॉन या सभागृहांसाठी १९६६-६७ मध्ये पोस्टरं करणाऱ्या मंडळींत वेस विल्सन, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस, आल्टन केली आणि मोस्कोसो ही पाच नावं नेहमी एकत्र घेतली जातात. त्यातला मोस्कोसो हा येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सच्या हाताखाली रंग शिकलेला. शेजारचा रंग बदलला की रंग बदलतो, हे आल्बर्सने आयुष्यभर शिकवलं. कुठले रंग शेजारी ठेवले की डोळा वैतागतो हे मोस्कोसोला तिथूनच पक्कं ठाऊक होतं. शहाणा विद्यार्थी जे टाळेल तेच त्याने मुद्दाम केलं.

विल्सनचं १९६६ च्या जुलैमधलं ज्वाळांचं पोस्टर काढून बघा. हिरव्यावर तांबडी अक्षरं, आगीच्या लोळासारखी वर चढलेली. त्यात निऑन कुठेच नाही. साधा तांबडा, साधा हिरवा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ती पोस्टरं ऑफसेटवर छापली, पण आपण आज ज्याला फोर-कलर म्हणतो तसं बहुतेकांत नव्हतं. प्रत्येक रंगाची शाई डब्यातून मिसळून यायची, प्रत्येक रंगाचं आर्टवर्क वेगळ्या थरावर हातानं कापलेलं असायचं आणि कागदावर ती शाई सलग बसायची. ठिपके नाहीत. आपण ६३ टक्के सायन मागतो तेव्हा कागदावर ठिपके पडतात आणि मधल्या पांढऱ्या जागेतून रंगाचा जीव निघून जातो. त्यांची शाई शंभर टक्केच असायची.

दोन मिनिटांची चाचणी

फाइल उघडा. व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम. प्रोफाइलच्या यादीत ‘डॉट गेन २०%’ निवडा, ओके करा आणि प्रूफ कलर्स चालू करा. पोस्टर राखाडी दिसेल. आता मुख्य अक्षरं वाचा.

वाचता आली तर तुमचं पोस्टर थरथरणार नाही. राखाडीत अक्षरं गायब झाली, एक सपाट पाटी तेवढी उरली, तर काम झालंय. हे ऐकून सगळेच बिचकतात, कारण एरवी डिझाइनच्या वर्गात याच्या बरोबर उलट शिकवलेलं असतं: राखाडीत वाचता आलंच पाहिजे. इथं नाही.

त्या मुलाच्या पोस्टरवर हीच चाचणी केली तेव्हा अक्षरं ठणठणीत वाचता आली. हिरवा होता ५७, २५५, २०. गुलाबी २५५, २०, १४७. लॅब या रंग मोजायच्या पद्धतीत एल म्हणजे उजळपणा, शून्य काळा ते शंभर पांढरा. तिथे बघितलं तर हिरव्याचा एल ८८ आणि गुलाबीचा ५६. तब्बल ३२ चा फरक. म्हणजे प्रेसने काही मारण्याआधीच, त्याच्या स्वतःच्या पडद्यावरही, ते पोस्टर थरथरत नव्हतं. झगमगत होतं. पडदा स्वतः उजेड फेकतो म्हणून दोन्हीतला फरक कळला नाही. कागदाने उजेड काढून घेतला आणि खाली काहीच उरलं नाही.

एल वाचायची सोपी पद्धत: स्वॉचवर, म्हणजे यादीतल्या रंगाच्या चौकोनावर, डबल-क्लिक, कलर मोड ‘लॅब’ करा, एल चा आकडा बघा आणि कॅन्सल करा. ओके केलंत तर स्वॉच खरोखरच लॅब होऊन बसेल आणि तुमची शाईची टक्केवारी गेली. माझ्याकडून हे दोनदा झालंय.

आता शायांचे आकडे. आर्ट पेपरवरच्या ऑफसेटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सलग शायांचा एल साधारण असा पडतो: सायन ५५, मजेंटा ४८, पिवळा ८९. दोन शाया एकमेकींवर चढवल्या तर तांबडा, म्हणजे मजेंटा अधिक पिवळा, ४७. हिरवा, म्हणजे सायन अधिक पिवळा, ५०. आणि निळा, म्हणजे सायन अधिक मजेंटा, २४.

या आकड्यांकडे जरा वेळ बघत बसा. तांबडा ४७, हिरवा ५०. चार शायांच्या साध्या छपाईत, पाचव्या रंगाचा एक पैसा न घालता, थरथरणारी जोडी डब्यातच ठेवलेली आहे. मजेंटा आणि सायनही फार लांब नाहीत. निळा मात्र खोल खड्ड्यात आहे, म्हणून नारिंगी-निळ्याची जोडी पुस्तकात कितीही विरुद्ध म्हटली तरी छापल्यावर नुसती सुवाच्य दिसते. निळ्यातला मजेंटा बराच उतरवून त्याला वर आणावं लागतं. आणि पिवळा कुणाशीच भांडत नाही. पिवळा वापरायचाच असेल तर जिथे वाचायला हवं तिथे वापरा, त्यावर पुढे येतोच.

माझा नियम: एल चा फरक पाचाच्या आत. दहाच्या वर गेला की थरथर संपली.

कागद मॅप्लिथो, म्हणजे चकचकीत लेप नसलेला, असेल तर सगळ्या शाया मंद होतात, पण जोड्या बहुधा एकत्रच घसरतात, त्यामुळे थरथर थोडी सौम्य होऊन शिल्लक राहते. जुनाट, हाताला खरखरीत लागणारं पोस्टर हवं असेल तर मला मॅप्लिथोच आवडतो. बँडवाल्यांना पटत नाही.

मग फाइलमध्ये काय बदललं

गुलाबी हवाच होता, म्हणून तांबड्याऐवजी मजेंटा १०० पिवळा ३० घेतला. हिरवा सायन १०० पिवळा ७०. स्वॉच सरळ सीएमवायके मोडमध्ये, आकडे हातानं टाकून. पडद्यावर तो हिरवा पाहून मुलाचं तोंड पडलं. ‘हा तर एसटी स्टँडच्या भिंतीचा रंग आहे.’ बरोबर. एकटा तसाच दिसतो. गुलाबी शेजारी ठेव, मग बोल.

बदललेले आकडे फाइलीतून बाहेर पडताना टिकतीलच असं नाही. निम्म्या वेळा रंग मरतात ते इथे.

पीडीएफ काढताना आउटपुटच्या पानावर ‘कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन’ निवडलेलं असतं. तुमच्या फाइलीचं प्रोफाइल एक, प्रेसचं दुसरं. मग इनडिझाइन प्रामाणिकपणे रंगांतर करतं आणि तुमचा शुद्ध मजेंटा-पिवळा बाहेर येतो तेव्हा त्यात तीन-चार टक्के सायन आणि चिमूटभर काळा शिरलेला असतो. पडद्यावर कळत नाही. प्लेटवर तो सायनचा बारीक ठिपका सलग तांबड्यावर धुळीसारखा पसरतो. विरुद्ध रंगाची धूळ रंगाला जितकं मळवते तितकं दुसरं काही मळवत नाही. त्याच यादीत ‘प्रिझर्व्ह नंबर्स’वाला पर्याय आहे, तो घ्या. मग विंडो, आउटपुट, सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून गुलाबीवर माउस न्या: सायन शून्य, काळा शून्य दिसला पाहिजे. एक जरी दिसला तर परत मागे. तयार पीडीएफही ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये याच पद्धतीने तपासा, कारण प्रेसला जाणार ती पीडीएफ.

दुसरा चोर म्हणजे ब्लेंड मोड, एकावर एक आलेल्या आकारांचे रंग मिसळायची पद्धत. सायकेडेलिक म्हटलं की पोरांचा हात ‘डिफरन्स’वर जातो. पडद्यावर फार मजेशीर दिसतं. पण एडिट मेनूतली ट्रान्स्परन्सी ब्लेंड स्पेस आरजीबीवर असेल तर ती गंमत आरजीबीत मोजली जाते आणि शेवटी सीएमवायकेत येते, तेव्हा आकडे कुठल्या कुठे गेलेले असतात. ती सीएमवायकेवर ठेवा. तुमचा ‘डिफरन्स’ तिथल्या तिथे बेचव दिसायला लागेल. वाईट वाटेल, पण कागदावर तो तसाच येणार होता. माझ्यापुरता मी तो मोड वापरतच नाही. आकार एकमेकांतून जाताना रंग उलटायचा असेल तर पाथफाइंडरने तुकडे करून हातानं रंग भरतो. साठच्या दशकातल्या लोकांनी ब्लेडने कापून केलं ते आपण माउसने करायचं, एवढंच.

कडेला पांढरी रेघ

रंग जिंकला की हे दुखणं हमखास डोकं वर काढतं: गुलाबी आणि हिरव्याच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ. थरथर तिथेच संपते, कारण डोळ्याला कड सापडली.

आधी रेघ खरी आहे की पडद्यावरची, ते बघा. पीडीएफ ८०० टक्के मोठी करा. रेघही मोठी झाली तर खरी. कितीही मोठं केलं तरी ती तेवढीच एका पिक्सेलची राहते, तर ते फक्त दाखवण्यातलं आहे, ट्रान्स्परन्सीचे तुकडे पडताना होतं. छपाईत येत नाही.

छापील कागदावरची रेघ म्हणजे रजिस्ट्रेशन हललं, वेगवेगळ्या शायांच्या प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत. मशीनवर कागद केसभर सरकतोच, त्यात मशीनमनचा दोष काढण्यात अर्थ नाही. शुद्ध मजेंटाला शुद्ध सायन टेकवला तर दोघांत एकही शाई सामाईक नाही, सरकलं की मध्ये कोरा कागद दिसणार. म्हणूनच वर दोन्ही रंगांत पिवळा ठेवला. पिवळी प्लेट दोन्हीकडे सलग आहे, त्यामुळे मजेंटा आणि सायन एकमेकांपासून सरकले तरी फटीत पांढरं दिसत नाही, पिवळं दिसतं, आणि ते डोळ्याला फारसं टोचत नाही.

तेवढ्यावर भागलं नाही तर ट्रॅपिंग, म्हणजे एक रंग शेजारच्यात केसभर शिरवणं. अक्षराला त्याच्याच रंगाचा अर्ध्या पॉइंटचा स्ट्रोक द्या आणि ॲट्रिब्यूट्स पॅनेलमध्ये ‘ओव्हरप्रिंट स्ट्रोक’वर खूण करा, म्हणजे खालची शाई न कापता स्ट्रोक तिच्यावर छापला जातो. स्ट्रोक मधोमध बसतो, म्हणजे बाहेर पाव पॉइंट जातो. एरवी फिकट रंग गडद रंगात पसरवायचा असा शिरस्ता आहे. इथे दोघं सारखेच, त्यामुळे कुणीही कुणात पसरला तरी चालतं. जिथे दोन्ही शाया एकमेकींवर चढतात तिथे एक बारीक काळपट रेघ येते. ती येऊ द्या. त्या काळातल्या मूळ पोस्टरांवर भिंग धरलं तर अशा रेघा ठिकठिकाणी सापडतात.

हे करण्याआधी प्रेसला फोन करून विचारा, त्यांच्या आरआयपीत, म्हणजे प्लेटांसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ट्रॅपिंग होतं का. होत असेल तर तुम्ही काही करू नका. दोघांनी केलं की रेघेचा दोर होतो.

देवनागरी वितळवताना

विल्सनने अक्षरांची कल्पना घेतली ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरकडून. रोलरने १९०३ च्या सुमारास तिथल्या सेसेशन या कलावंतांच्या संघटनेच्या पोस्टरांवर असे चौकोनी, एकमेकांना घट्ट चिकटलेले रोमन ठोकळे रचले होते. विल्सनने त्यांना फुगवलं, वाकवलं आणि दिलेल्या आकारात कोंबलं. रोमन अक्षर हा सुटा ठोकळा, त्यामुळे कोंबता येतो. आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. तेच तंत्र जसंच्या तसं लावलं की घोळ होतो.

त्या मुलाच्या पोस्टरवर मोठा शब्द होता ‘झिंग’. इलस्ट्रेटरमध्ये टाइप केल्यावर वेलांटी झ च्या मागे जाऊन बसली आणि अनुस्वार भलत्याच ठिकाणी. खालच्या ओळीतल्या ‘शनिवार’चं ‘शनविार’सारखं काहीतरी झालं होतं आणि ‘प्रवेश’मधला प हलंत घेऊन लंगडत उभा होता. हा फॉन्टचा दोष नाही. ओळ जुळवणारं जे इंजिन आहे ते मुळात रोमन लिपीसाठीचं आहे. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेस, टाइपमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करा, मग त्याच कामाचा कंपोझर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत उगवतो. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमपैकी स्क्रायबसची जुनी १.४ मालिका देवनागरी मोडतेच, १.६ मध्ये ती नीट बसते. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही. पण तिथला सगळा कारभार आरजीबीत आहे, म्हणून अक्षरं तिथे वळवून रंग स्क्रायबसमध्ये भरावेत.

अक्षरं नीट बसली की मगच आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनवा. आणि आउटलाइन केल्याबरोबर, वाकवायच्या आधी, पाथफाइंडरने सगळं युनाइट करा. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेघ एकसलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजाऱ्यावर किंचित चढलेले असतात. सरळ ओळीत ते कळत नाही. युनाइट न करता वाकवलं आणि वर ट्रॅपिंगचा स्ट्रोक दिला की प्रत्येक सांध्यावर आडवी चीर उमटते, कंपाउंड पाथ केला तर काही ठिकाणी चढलेला भाग चक्क भोक होऊन पार्श्वभूमी दाखवतो. ‘माझ्या शिरोरेघेला उंदरांनी कुरतडलंय’ असं एकीने लिहून पाठवलं होतं. नेमकं हेच झालं होतं.

एन्व्हलप डिस्टॉर्टने वाकवल्यास शिरोरेघ आपोआप वळते. पण हातानं ओढत असाल तर लांब सरळ रेघेला फक्त दोन टोकांना बिंदू असतात, मध्ये धरायला काहीच नाही. ऑब्जेक्ट, पाथ, ॲड अँकर पॉइंट्स दोनदा चालवा. मग ती रेघ दोरीसारखी हातात येते.

माझं मत विचाराल तर एन्व्हलपने वाकवलेली देवनागरी मला मळमळल्यासारखी दिसते. अक्षराची जाडी कुठेही कमी-जास्त होते. ट्रेसिंग पेपरवर आधी बाहेरचा आकार काढायचा, शिरोरेघेला त्या आकाराची वरची कड करायची आणि खालचे दांडे तळापर्यंत लांबवायचे, हे पेन्सिलीने अर्ध्या तासात होतं. ‘झिंग’ शेवटी तसाच केला. झ च्या पोटातली जागा वेलांटीच्या दांड्याने भरली, अनुस्वाराचा थेंब केला. स्कॅन करून पेन टूलने गिरवला. मुलगा बघत होता, मध्येच म्हणाला, ‘याला प्लगइन नाहीये का?’

खरंच निऑन हवंच असेल तर

मग चार शायांचा नाद सोडा आणि फ्लोरोसंट शाई पाचवा रंग म्हणून घ्या, नाहीतर थेट स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा. पँटोन या तयार शायांच्या क्रमवार यादीत ८०१ ते ८०७ हे जुने निऑन क्रमांक. ८०२ हिरवा, ८०६ गुलाबी. ऑफसेटवर या शाया पातळ बसतात, बऱ्याचदा दोनदा छापाव्या लागतात, आणि उन्हात लावलेल्या पोस्टरचा रंग लवकर उडतो.

इथली नेहमीची तक्रार: स्वॉच निऑन होता, प्लेटा मात्र चारच निघाल्या. इंक मॅनेजर उघडा, तळाशी ‘ऑल स्पॉट्स टू प्रोसेस’वर खूण राहिलेली असते. काढा. शिवाय ‘डिफरन्स’, ‘एक्सक्लूजन’, ‘ह्यू’, ‘ल्युमिनॉसिटी’ हे मोड स्पॉट रंगावर, म्हणजे स्वतंत्र प्लेटवर जाणाऱ्या अशा तयार शाईवर, लावू नका. अडोबीच्या नव्या आवृत्त्यांत पँटोनची बरीच पुस्तकं दिसत नाहीत म्हणून काहीजण थांबून राहतात, गरज नाही. नवा स्वॉच काढा, प्रकार ‘स्पॉट’, नाव स्वतः लिहा. पडद्यावर तो कसा दिसतो याला काडीची किंमत नाही, प्लेट वेगळी निघाली की झालं. रंग डब्यात आहे. राखाडीची चाचणीही इथे चालत नाही. शाई आणि तोच कागद घेऊन बोटाने पट्टा ओढून बघायचा आणि शेजारी दुसरा रंग धरायचा.

तारीख, वेळ, जागा

ही थरथरवू नका. मोस्कोसोच्या पोस्टरपाशी लोक थांबून ते उलगडत बसायचे, ते खरं आहे. आपल्याकडे सिग्नल सुटायच्या आत वाचायचं असतं. शिवाय ज्यांना तांबडा-हिरवा नीट वेगळा दिसत नाही त्यांच्यासाठी सारख्या उजळपणाचं अक्षर म्हणजे कोरी भिंत. त्या मुलाच्या पोस्टरला तळाशी पिवळी पट्टी दिली, तिच्यावर या मजकुराला काळा, शंभर टक्के, एकट्या काळ्या प्लेटवर, ओव्हरप्रिंट. राखाडी चाचणीत वरचं सगळं पोस्टर गायब आणि फक्त ती पट्टी वाचता येते, असं झालं की मी फाइल सोडतो.

छपाई नीट आली. मी प्रेसमध्ये होतो. मशीनमनने पहिला कागद उचलून हातभर लांब धरला, डोळे चोळले आणि म्हणाला, ‘हे हलतंय.’

मग दोन दिवसांनी मुलाचा परत फोन. व्हॉट्सॅपवर पाठवलेलं पोस्टर मेलं.

त्याने प्रेसच्या पीडीएफमधूनच जेपीजी काढली होती, सीएमवायकेतली. फोन अशी फाइल कशीही दाखवतो. फोनसाठी वेगळी प्रत करावी लागते, एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या आरजीबीत, आणि तिथे जोडीही पुन्हा जुळवावी लागते, कारण पडद्यावरचा पूर्ण हिरवा ८८ ला असतो आणि पूर्ण तांबडा ५३ ला. तांबडा २५५, ०, ० ठेवलात तर हिरवा ०, १५०, ० च्या आसपास आणा. तो हिरवा पुन्हा एसटी स्टँडचाच वाटेल. बदलू नका. त्या मुलाने बदलला नाही, ग्रुपवर टाकला, आणि पहिल्या तीन उत्तरांत दोघांनी तारीख विचारली. पिवळी पट्टी क्रॉप झाली होती.